बैठकीच्या भिंतीत आठ फुटी मत्स्यालय: वाढीव खोलीचा विचार कोठून सुरू करावा

तुमचा प्रश्न मी असा समजलो आहे. बडोद्याच्या समा भागात तुमचे सुमारे तीस वर्षांचे, तळमजला अधिक एक मजला असलेले टेनामेंट, म्हणजे सोसायटीतले छोटे घर, आहे. मागच्या अंगणात एक खोली वाढवायची, बैठकीची मागची भिंत फोडून तिच्यात आठ फूट लांब, अडीच फूट रुंद आणि अडीच फूट उंच अशी माशांची टाकी बसवायची, आणि पलीकडची नवी खोली मुलांच्या अभ्यासासाठी ठेवायची, म्हणजे मासे दोन्हीकडून दिसतील, असा बेत आहे. ठेकेदार म्हणतो की तळमजल्यावर दोन टन म्हणजे काहीच नाही, लादीवर स्टँड ठेवून पाणी भरले की झाले. सासऱ्यांना टाकी ईशान्येला हवी आहे. तुमची स्वतःची शंका अशी की दर काही वर्षांनी विश्वामित्री नदीच्या पुराचे पाणी येते, तर टाकी वरच्या मजल्यावरच का नेऊ नये. मी बडोद्यात जुन्या घरांच्या वाढीव बांधकामांची कामे करतो आणि घरी मासेही पाळतो, म्हणून दोन्ही बाजूंनी उत्तर देतो.

ठेकेदाराचे म्हणणे एका अर्थी बरोबर आहे, म्हणून ते चटकन पटते. आधी वजन मांडून पाहू. तुमच्या मापाची टाकी म्हणजे २.४ मीटर लांब आणि ०.७५ मीटर रुंद व उंच. तिच्यात काठोकाठ १,३५० लिटर, म्हणजे तेवढेच किलो पाणी मावते. पंधरा मिलिमीटर जाडीची काच धरली तर नुसती रिकामी टाकीच अडीचशे किलोची होते. वाळू आणि दगड दोनशे, लोखंडी स्टँड आणि कपाट पावणेदोनशे, आणि खाली गाळणीसाठी जी दुसरी टाकी असते, जिला सगळे सम्प म्हणतात, ती पाण्यासह तीनशे. बेरीज सव्वादोन टनांच्या थोडी वर जाते आणि हा सगळा भार जेमतेम १.८ चौरस मीटर जागेवर येतो, म्हणजे दर चौरस मीटरला साधारण साडेबाराशे किलो. राहत्या घरातील खोल्यांसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे दोनशे किलो, एवढाच वापराचा भार धरलेला असतो. त्याच्या सहापट वजन एकाच जागी, तेही कायमचे, हा वरच्या मजल्याबाबतचा मुख्य मुद्दा आहे. त्याकडे पुढे येतो.

जमिनीचे मात्र तसे नाही. अगदी काळी मातीही चौरस मीटरला पाच टनांच्या आसपास भार सहसा पेलते, त्यामुळे सव्वा टनाने ती खचणार नाही, हे ठेकेदाराचे गणित ठीक आहे. काळी माती भार पेलते, पण जागेवर राहत नाही. तिच्यातील माँटमोरिलोनाइट हे खनिज पावसाळ्यात पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वर्षातून एकदा अख्खी जमीन वर उचलली जाते आणि पुन्हा खाली बसते. आपल्या शहरात सगळीकडे एकसारखी जमीन नाही, कोठे गोराडू, म्हणजे न फुगणारी वाळूमिश्रित जमीन, लागते तर कोठे काळी, आणि शेजारच्या प्लॉटवर चांगली माती लागली म्हणून आपल्याकडेही लागेल असे धरता येत नाही. म्हणून पहिले काम आराखड्याचे नाही. मागच्या अंगणात दोन मीटर खोल खड्डा घेऊन खाली काय आहे ते डोळ्यांनी पाहणे, आणि शक्य असेल तर नमुना तपासून घेणे, हे पहिले काम. या खर्चाला लोक नाक मुरडतात, पण पुढचे सगळे निर्णय या खड्ड्यावर अवलंबून आहेत.

दुसरी गोष्ट भरावाची. लादीखाली बहुतेक घरांत जोत्याच्या उंचीएवढा भराव असतो आणि तो थराथराने, पाणी मारून, कुटून भरलेला असेल अशी खात्री कोणत्याही जुन्या टेनामेंटविषयी मी देणार नाही. नव्या खोलीचा भराव तर ताजाच असणार. अशा भरावावरच्या लादीवर सव्वादोन टन ठेवले की पहिल्या वर्षातच एक कोपरा चार-सहा मिलिमीटर बसतो. माणसाला ते जाणवत नाही, पण काचेच्या टाकीला तेवढे पुरते, कारण तिचा तळ पिळला जातो आणि ताण सिलिकॉनच्या सांध्यांवर येतो. शिवाय अशा खोलीत पाणी सांडतच राहते. ते लादीच्या फटींतून खाली मुरले की टाकीखालचीच काळी माती फुगते आणि बाकीची कोरडी राहते.

खड्ड्यात काळी माती निघाली तर दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे टाकीखालची माती सुमारे एक मीटर काढून तिच्या जागी चिकट पण न फुगणारी माती, आपल्याकडे चांगला मुरूम, थराथराने कुटून भरणे. या पद्धतीचा पाया आयआयटी मुंबईच्या डॉ. आर. के. कट्टी यांच्या संशोधनाने घातला. नुसती वाळू भरण्याची सूचना कोणी केली तर नको म्हणावे, कारण वाळूत पाणी साठते आणि तेच खालच्या मातीला पोचते. दुसरा मार्ग अंडर-रीम्ड पाइलचा, म्हणजे खाली कंद असलेल्या खांबांचा, जी पद्धत रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने देशभर रुजवली. पंचवीस-तीस सेंटिमीटर व्यासाचे खांब, खाली व्यासाच्या अडीचपट रुंदीचा फुगवटा, आणि काळ्या मातीचा थर खोल असेल तर किमान साडेतीन मीटर लांबी, म्हणजे खांबाचा पाय ऋतुमानाप्रमाणे हलणाऱ्या थराच्या खाली जातो. त्यावरचे बीम जमिनीपासून सुमारे आठ सेंटिमीटर मोकळे ठेवावे लागतात, नाहीतर फुगलेली माती त्यांनाच उचलते. एकट्या टाकीसाठी हे फार होईल, पण तुम्ही अख्खी खोली बांधत आहात, तेव्हा खोलीसाठी पाइल घेत असाल तर टाकीच्या चौथऱ्याखाली आणखी दोन-चार घेणे फारसे महाग पडत नाही. गोराडू निघाली तर एवढे काहीच लागत नाही. भरावाच्या खाली मूळ जमिनीवर टेकलेला, जाळी घातलेला काँक्रीटचा स्वतंत्र चौथरा पुरतो.

चौथरा स्वतंत्र हवा, यावर मी मुद्दाम जोर देतो आहे. जुने घर तीस वर्षांत बसायचे तेवढे बसले आहे आणि नवी खोली पुढची काही वर्षे थोडीफार हलणार आहे. म्हणून जुन्या भिंतीत सळया ठोकून नवा स्लॅब तिला बांधून टाकू नये. दोन्ही बांधकामांमध्ये दोन-अडीच सेंटिमीटरचा सांधा सोडावा आणि तो वरून पावसाच्या पाण्यापासून झाकावा. टाकी पूर्णपणे सांध्याच्या नव्या बाजूला, स्वतःच्या चौथऱ्यावर उभी राहावी, आणि जुन्या भिंतीतून ती फक्त दिसावी. भिंतीतील उघडी जागा आणि टाकीची काच यांच्यामध्ये चारही बाजूंनी बारा मिलिमीटर मोकळे ठेवून वरून काढता येईल अशी लाकडी किंवा अॅल्युमिनियमची चौकट लावावी. या फटीमुळे घर हलले तरी काचेला स्पर्श होत नाही. बडोदे भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात मोडते आणि २६ जानेवारी २००१ चा धक्का इथे ज्यांनी अनुभवला त्यांना टाकीतले पाणी कसे हिंदकळेल ते सांगायला नको. त्यासाठीही ही फट, स्टँडला आडवे-तिरपे ताण आणि पाण्याच्या वर पाच सेंटिमीटर मोकळा काठ पुरेसा उपयोगी पडतो.

आता भिंत. टाकीपेक्षा मला या भिंतीची काळजी अधिक वाटते आणि तुमच्या प्रश्नात तिच्याविषयी एकच ओळ आहे. तीस वर्षांपूर्वीची बरीच टेनामेंट कॉलम-बीमवर उभी नसून नऊ इंची विटांच्या भिंतींवर उभी आहेत. बैठकीची मागची भिंत तशी असेल तर वरच्या मजल्याची भिंत आणि दोन्ही स्लॅबचा भार तिच्यावर आहे, आणि तुम्ही तिला आठ फुटांचे भगदाड पाडण्याचा विचार करत आहात. हे करता येत नाही असे नाही. पण क्रम असा हवा: आधी वरच्या स्लॅबला दोन्ही बाजूंनी टेकू, मग भिंतीत वरच्या भागात एका बाजूने अर्ध्या जाडीची खाच घेऊन एक लोखंडी गर्डर बसवणे, तो पक्का झाल्यावर दुसऱ्या बाजूने दुसरा, दोन्हींचे टोक काँक्रीटच्या ठोकळ्यांवर टेकवणे, आणि त्यानंतरच खालच्या विटा काढणे. कडिया, म्हणजे गवंडी, आदल्या संध्याकाळी घण घेऊन येतो आणि सकाळी लिंटेल टाकू म्हणतो, ही पद्धत इथे चालणार नाही. गर्डरचे माप संरचना अभियंत्याने हिशेब करूनच द्यावे. तुम्ही सहा फुटांच्या उघड्या भागावर समाधान मानलेत तर काम बरेच सोपे होईल. टाकी आठ फुटीच ठेवता येते, दोन्ही टोकांचे एक-एक फूट भिंतीमागे जाते आणि गाळणीच्या नळ्या तिथे आपोआप झाकल्या जातात. मला स्वतःला हाच पर्याय अधिक आवडतो.

वरच्या मजल्याचे काय, या तुमच्या शंकेला पुराच्या पाण्यानेच उत्तर द्यावे लागेल. जुलै २०१९ मध्ये आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तुमच्या घरात पाणी किती चढले होते? ते जोत्यापाशी थांबले असेल तर नवी खोली तळमजल्यावरच घ्यावी, जोते जुन्या घराच्या बरोबरीने ठेवावे आणि विजेचे सगळे पॉइंट भिंतीवर उंच घ्यावेत. पाणी घरात फूट-दीड फूट आले असेल तर मुख्य टाकी स्टँडमुळे वाचेल, पण खालचा सम्प बुडेल. आणि तो त्या वेळी अर्धा रिकामा असेल तर तरंगून वर येईल व नळ्या मोडेल. पुराचे पाणी म्हणजे गटाराचेही पाणी, ते गाळणीत शिरले की गाळणी धुऊन पुन्हा शून्यातून सुरू करावी लागते. वीज दोन-तीन दिवस जाते ते वेगळेच. अशा घरात वरचा मजला योग्य ठरतो, परंतु सध्याच्या जुन्या स्लॅबवर अजिबात नको. वाढीव खोलीच दुमजली, कॉलम-बीमची करून टाकीच्या दोन्ही कडांखाली थेट बीम येईल असे आखले, तर चौरस मीटरला साडेबाराशे किलो हा आकडा अभियंत्याला नुसता हिशेबात धरायचा उरतो. मग टाकी बैठकीत न दिसता वर दिसेल. तो निर्णय कुटुंबाने घ्यायचा आहे. यापुढचे मी तळमजला धरून लिहितो.

टाकीच्या उंचीविषयी एक आग्रहाची सूचना. अडीच फुटांऐवजी दोन फूट ठेवा. काचेवरचा दाब खोलीप्रमाणे वाढतो आणि समोरच्या काचेवरचा एकूण जोर खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात: ७५ सेंटिमीटर पाण्याचा जोर साधारण पावणेसातशे किलो होतो, ६० सेंटिमीटरचा सव्वाचारशेच्या आसपास. पाणी १,०८० लिटरवर येते, एकूण वजन दोन टनांच्या आत राहते, आणि मुख्य म्हणजे तळाशी हात पोचतो. काखेपासून बोटांपर्यंत साठ-पासष्ट सेंटिमीटरपेक्षा लांब हात फारच थोड्यांचा असतो. अडीच फूट खोल टाकीत पडलेला दगड उचलायला स्टुलावर चढून खांदा भिजवावा लागतो, आणि मग माणूस ते काम टाळू लागतो. माशांना पोहायला लांबी-रुंदी लागते, उंचीची गरज त्या मानाने थोडी. मासे कोणते हे मात्र आधी ठरवा, कारण टाकीचे माप त्यावरून ठरते. ऑस्कर फूटभर वाढतो, अरोवाना दोन-तीन फूट, आणि दुकानात तो वास्तूसाठी म्हणून बोटभर लांबीचा विकला जातो.

ईशान्येचे म्हणाल तर सासऱ्यांशी वाद घालण्याचे कारण नाही. पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत उन्हाळ्यात भट्टीसारखी तापते, ईशान्येचा कोपरा सर्वांत कमी तापतो आणि तिथे फक्त सकाळचे कोवळे ऊन येते. ते ऊन थेट टाकीवर पडू देऊ नये, नाहीतर शेवाळ आवरणार नाही. तेवढी काळजी घेतली की वास्तू आणि अभियांत्रिकी यांचे इथे जमते.

आता नव्या खोलीचा मुद्दा. दोन्हीकडून दिसणारी टाकी आणि पलीकडे अभ्यासाची खोली, हा बेत सोडावा असे माझे स्पष्ट मत आहे. दोन्हीकडून दिसणाऱ्या टाकीत नळ्या, हीटर, वायरी लपवायला जागा उरत नाही, पंपाची गुणगुण अभ्यासाच्या टेबलाशी येते, आणि टाकीची सगळी ओल त्या खोलीतल्या पुस्तकांत जाते. त्याऐवजी नव्या खोलीचे दोन भाग करा. भिंतीलगत टाकी ठेवून तिच्यामागे किमान ९० सेंटिमीटरचा मोकळा पट्टा ठेवा, म्हणजे ७५ अधिक ९० मिळून १.६५ मीटर रुंदीची एक सेवाखोली होते. पुढे पाच इंची भिंत आणि घट्ट बंद होणारा दरवाजा, आणि त्यापलीकडे उरलेली जागा मुलांना. सेवाखोलीत एक सिंक, साठ्याचा ड्रम, खाद्य आणि औषधांचे कपाट, आजारी किंवा नव्या माशासाठी छोटी वेगळी टाकी. छताची उंची मोजताना स्टँड ७५, टाकी ६० आणि वर जाळे घेऊन हात फिरवायला आणखी ६० सेंटिमीटर मोकळे धरावेत. टाकीच्या डोक्यावर माळा काढू नये.

ही सेवाखोली न्हाणीघराच्याच नियमांनी बांधायची. जमीन घरापेक्षा पाच सेंटिमीटर खाली, उतार ऐंशीस एक, चार इंची फ्लोअर ट्रॅप, लादीखाली पाणी अडवणाऱ्या पॉलिमर-सिमेंटचे दोन हात आणि ते भिंतीवर फूटभर वर नेलेले. खोली ३.६ मीटर लांब असेल तर पाच सेंटिमीटरच्या या बुडीत जमिनीत जवळजवळ तीनशे लिटर मावतात, म्हणजे अख्खा सम्प फुटला तरी पाणी दाराबाहेर येत नाही. सम्पसाठी आणखी एक हिशेब आहे आणि तो चुकला की वीज गेल्यावर दर वेळी खोली भिजते. पंप थांबला की मुख्य टाकीतले वरचे पाणी खाली उतरते: टाकीचा पृष्ठभाग १.८ चौरस मीटर, पाणी दोन सेंटिमीटर उतरले तरी ३६ लिटर, शिवाय नळ्यांमधले वेगळे. चालू असताना सम्पमध्ये तेवढी जागा रिकामी हवी, आणि परतीच्या नळीला पाण्याच्या पातळीलगत हवा ओढणारे छोटे भोक हवे. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर विसंबू नये, त्यात शेवाळ अडकते.

ओलीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण जी वाढीव खोली चार वर्षांत कुजलेली दिसते तिचे कारण बहुधा गळती नसते, वाफ असते. उघड्या टाकीतून उन्हाळ्यात रोज कित्येक लिटर पाणी उडून जाते आणि ते कोठेतरी बसते: जिप्समच्या फॉल्स सीलिंगवर, प्लायवुडच्या कडांवर, स्विचबोर्डच्या आत. म्हणून सेवाखोलीत जिप्सम आणि पीओपी नको, सिमेंटचा गिलावा आणि सात फुटांपर्यंत टाइल्स. कपाटे पीव्हीसी बोर्डची. स्टँड चौकोनी लोखंडी नळ्यांचा, गॅल्व्हनाइझ केलेला, नुसता रंगवलेला नको. मरीन प्लाय म्हणून जे मिळते तेही कापलेल्या कडेतून पाणी पिते. उत्तरेच्या भिंतीत छताजवळ एक्झॉस्ट पंखा घ्यावा, पण तो मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत उपयोगी पडतो हे लक्षात ठेवावे. पावसाळ्यात बाहेरची हवाच ओली असते, तेव्हा एक्झॉस्ट ओल बाहेर टाकून ओलच आत आणतो. त्या चार महिन्यांसाठी खरा उपाय टाकीवर काचेची झाकणे, आणि सेवाखोलीचे दार बंद ठेवण्याची घरातल्यांची सवय.

उष्णतेचेही गणित याच वाफेशी बांधलेले आहे. उष्ण कटिबंधातले बहुतेक मासे २४ ते २८ अंशांत सुखी असतात. मे महिन्यात बडोद्यात पारा चाळिशीच्या वर जातो, आणि पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. मे महिन्यात पाण्यावर वारा घालणारा छोटा पंखा चांगले काम करतो. १,०८० लिटर पाणी एक अंशाने थंड करायला दोन लिटरच्या आतच पाण्याची वाफ पुरते, आणि कोरड्या हवेत ती सहज होते. जुलैत हाच पंखा निरुपयोगी ठरतो, पण तेव्हा बाहेरचे तापमानही उतरलेले असते. त्यामुळे खोली नीट बांधली तर चिलर लागू नये: छतावर चायना मोझॅकचा, म्हणजे फुटक्या टाइलच्या तुकड्यांचा, पांढरा थर, पश्चिमेची भिंत मध्ये पोकळी ठेवून दुहेरी, आणि त्या बाजूला खिडकी नाही. चिलर घ्यायचाच ठरला तर तो बाहेर ठेवावा, कारण पाण्यातून काढलेली उष्णता तो जिथे असतो तिथेच टाकतो. जानेवारीच्या रात्रींसाठी हीटर लागेल. एकच मोठा घेण्याऐवजी दोन मध्यम घ्यावेत, एक बिघडून चालूच राहिला तरी मासे शिजत नाहीत.

विजेसाठी मुख्य बोर्डापासून स्वतंत्र सर्किट, स्वतंत्र एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा स्वतंत्र आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, घ्या. स्वतंत्र अशासाठी की गिझरच्या बिघाडाने घराचा आरसीसीबी पडला आणि तुम्ही गावाला असाल, तर माशांची गाळणीही बंद पडेल. गाळणीतले जिवाणू वाहत्या पाण्यातल्या प्राणवायूवर जगतात आणि पाणी थांबल्यावर काही तासांत मरू लागतात. प्लग पाण्याच्या पातळीच्या वर आणि टाकीच्या बाजूला असावेत, टाकीच्या मागे किंवा खाली कधीही नसावेत, आणि प्रत्येक वायर प्लगपाशी जाण्याआधी खाली झोका घेऊन वर जावी, म्हणजे वायरीवरून ओघळलेला थेंब झोक्यातच गळून पडतो. इन्व्हर्टरवर फक्त हवेचा पंप आणि छोटा फिरता पंप जोडावा.

पाण्याची सोय आराखड्यातच दाखवा. आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचे म्हणजे पावणेतीनशे लिटर, आणि ते बादलीने करायचे ठरले तर हा छंद पहिल्या उन्हाळ्यापलीकडे टिकत नाही. शहराला आजव्याचे, म्हणजे सयाजीराव महाराजांनी बांधलेल्या सरोवराचे, आणि महीकाठच्या विहिरींचे पाणी येते. ते क्लोरीनयुक्त असते, म्हणून तीनशे लिटरचा साठ्याचा ड्रम, त्यात रात्रभर हवेचा पंप आणि थोडे सोडिअम थायोसल्फेट. बोअरचे पाणी बऱ्याच ठिकाणी जड असते, तेव्हा आधी तपासावे. बाहेर जाणाऱ्या पाण्याची नळी गटाराला न जोडता अंगणातल्या झाडांकडे काढावी. त्यातले नायट्रेट झाडांना खत म्हणून चालते. आणि मासे नकोसे झाले तर ते विश्वामित्रीत सोडू नयेत. सकर मासा आपल्या देशातल्या नद्यांमध्ये असाच पसरला आहे.

परवानगीचा विषय मी थोडक्यात संपवतो. मागचे अंगण हे बहुधा नियमाने सोडलेले मार्जिन असते आणि ते पूर्ण झाकता येत नाही. गुजरातच्या २०१७ च्या विकास नियंत्रण नियमांनुसार तुमच्या प्लॉटला मागे किती जागा सोडायची आणि एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या मानाने करता येणारे बांधकाम, किती उरला आहे, हे नोंदणीकृत आर्किटेक्टकडून मंजूर नकाशावर पाहून घ्यावे, सोसायटीची लेखी संमती घ्यावी आणि मगच महापालिकेत नकाशा द्यावा. पुढे इम्पॅक्ट फी भरून नियमित करून घेऊ, या सल्ल्यावर विसंबून दोन टन पाण्याची खोली बांधू नये.

कामाचा क्रम असा ठेवावा. खड्डा आणि परवानगी दिवाळीच्या आसपास, पाया आणि स्लॅब उन्हाळ्यापूर्वी, भिंतीतले गर्डर त्यानंतर. आठ फुटी तयार टाकी टेनामेंटच्या बोळातून आणि वळणातून आत येत नाही, म्हणून ती जागेवरच जोडून घ्यावी लागेल. काचेला भोके पाडायची असतील तर साधी फ्लोट काच घ्यावी, टफन केलेल्या काचेला नंतर भोक पाडता येत नाही. सेवाखोलीचे दार मीटरभर रुंद ठेवावे, कारण एखादी काच बदलायची वेळ आली तर ती तिथूनच जाणार आहे. जोडल्यावर सिलिकॉनला किमान आठवडा द्यावा, चौथऱ्यावर पाणसळ लावून चारही कोपरे दोन मिलिमीटरच्या आत आहेत हे पाहावे, टाकीखाली थर्माकोलची पट्टी घालावी, आणि पाणी तीन टप्प्यांत, प्रत्येक टप्प्यानंतर एक रात्र थांबून भरावे.

परंतु टाकीची काच मागवण्याआधी खोलीला एक पूर्ण पावसाळा पाहू द्या. मे अखेरीस गर्डरच्या दोन्ही कोपऱ्यांवर, जुन्या भिंतीच्या गिलाव्यावर, बोटभर रुंदीच्या पातळ काचेच्या पट्ट्या सिमेंटने आडव्या चिकटवून घ्या आणि त्यांवर तारीख लिहा; त्याच दिवशी चौथऱ्याच्या चारही कोपऱ्यांच्या उंच्या पाणसळीने मोजून वहीत नोंदवा. नवरात्रीत पट्ट्या अखंड असतील आणि चौथऱ्याचे कोपरे एकमेकांच्या तुलनेत दोन मिलिमीटरपेक्षा अधिक हललेले नसतील, तर काच मागवायला हरकत नाही. एखादी पट्टी तडकलेली दिसली, तर गिलावा भरून ती झाकू न देता, जिथे तडा गेला त्या कोपऱ्याचा फोटो आणि वहीतली मापे घेऊन ज्या अभियंत्याने गर्डरचे माप दिले त्याच्याकडे जावे, आणि तोपर्यंत टाकीची जागा रिकामी ठेवावी.